आधी कोणी बोलायचं? गाड्यांच्या आपसातल्या संवादाची पार्श्वभूमी

पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना ट्रकचा ब्रेक निकामी झाल्याची बातमी आली, की दर वेळी एकच वाटतं: खाली थांबलेल्यांना दोन-तीन सेकंद आधी कळलं असतं तर! गाड्यांनी एकमेकींना रेडिओवरून थेट सावध करायचं, ही कल्पना त्यासाठीच आहे. अडचण अशी, की चॅनेल एकच असतो. दोघी एकदम बोलल्या तर दोघींचंही वाया जातं.

हा पेच गाड्यांच्या आधीचा. 1971 मध्ये नॉर्मन अब्रॅमसन यांच्या चमूनं हवाई बेटांवरचे संगणक रेडिओनं जोडले. त्यांची अलोहा पद्धत साधी होती: मनात आलं की पाठवा, टक्कर झाली तर थोड्या वेळानं पुन्हा पाठवा. त्यात चॅनेलचा जेमतेम 18 टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेचे ठरावीक तुकडे पाडले की हा आकडा दुप्पट होतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर फास्टॅग वाचणारं यंत्र याच तुकड्यांच्या अलोहावर चालतं.

1975 मध्ये क्लाइनरॉक आणि टोबागी या संशोधकांनी ‘आधी ऐका, मग बोला’ या पद्धतीचं गणित मांडलं. पुढे वायफाय त्यावरच उभं राहिलं. तिची दुखरी नसही त्यांनीच दाखवली: वळणापलीकडच्या दोन गाड्यांना एकमेकींचं ऐकू येत नाही, दोघींनाही चॅनेल मोकळा वाटतो आणि मधल्या गाडीच्या कानात दोन्ही संदेशांचा चुराडा होतो.

अमेरिकेनं 1999 मध्ये 5.9 गिगाहर्ट्‌झजवळचा 75 मेगाहर्ट्‌झचा पट्टा रस्त्यांसाठी राखला आणि 2010 मध्ये वायफायचंच 802.11पी हे रूप मंजूर झालं. घरातल्या वायफायला पोच मिळते, पोच आली नाही तर ते पुन्हा पाठवतं. रस्त्यावर संदेश सगळ्यांसाठी असतो, मग पोच कोण देणार? हरवलेला संदेश हरवल्याचं पाठवणारीला कळतही नाही.

हिशेब करून पाहू. 300 बाइटचा संदेश, वेग सेकंदाला 6 मेगाबिट, म्हणजे सुमारे अर्धा मिलिसेकंद. सेकंदाला फार तर दोन हजार संदेश. प्रत्येक गाडी दहा पाठवत असेल, तर अगदी शिस्तीत बोलूनही दोनशेच गाड्या मावतात. संध्याकाळी चांदणी चौकात दुचाकी धरल्या तर एवढ्या सहज भरतात.

म्हणून आळीपाळीच्या पद्धती आल्या. जहाजांच्या ओळख यंत्रणेत बोलण्याच्या वेळेतल्या जागा वाटून घेण्याची रीत होतीच, ती स्वीडनमधल्या संशोधकांनी गाड्यांसाठी तपासली. 2017 च्या सेल्युलर, म्हणजे मोबाइलच्या तंत्रावर बेतलेल्या मानकात गाडी मागच्या एका सेकंदाचं ऐकून मोकळी जागा निवडते आणि 5 ते 15 संदेश तीच धरून ठेवते. यातली खोच मला जास्त काळजीची वाटते. दोघींनी नकळत एकच जागा धरली, तर लागोपाठ सगळे संदेश आदळतात. शिवाय बोलताना ऐकता येत नसल्यानं दोघींनाही त्याचा पत्ता नसतो. ताशी 80 किलोमीटरनं येणारा ट्रक तेवढ्यात, म्हणजे अर्ध्या ते दीड सेकंदात, 11 ते 33 मीटर पुढे आलेला असतो. सरासरी 95 टक्के संदेश पोचले असं म्हणताना ही सलग दरी दिसतच नाही. तपासायची तर तीच तपासायला हवी.

2020 मध्ये गाड्यांच्या संवादासाठीचं 5जीचं मानक आलं आणि त्याच वर्षी अमेरिकेनं रस्त्यांसाठी राखलेल्या पट्ट्यातले 45 मेगाहर्ट्‌झ काढून घेतले. 2023 मध्ये वायफायकुळातलं 802.11बीडी आलं.

नवले पुलाखाली रांग तुंबते तेव्हा जागीच उभ्या शेकडो गाड्या चॅनेल भरून टाकतात. वरून येणाऱ्या ट्रकचा तातडीचा संदेश आधी जावा म्हणून 802.11पीमध्ये प्राधान्याची सोय आहे. पण डोंगराआडचा ट्रक ज्यांना ऐकूच येत नाही, त्या गाड्या त्याच्यासाठी थांबणार कशा?