धुणे, सामायिक घरांतील (पुणे)

एका नळावर, एका मशिनवर किंवा एका दोरीवर अनेकांचे कपडे धुऊन वाळवण्याची पद्धत. पुण्यात ती वाड्याच्या चौकातल्या धुण्याच्या दगडापाशी होती. आज ती सदाशिव-नारायण पेठेतल्या कॉट बेसिसच्या (खोलीतली एक खाट भाड्याने घ्यायची) खोल्यांत, वसतिगृहांत आणि वाकड-हिंजवडीकडे तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटांत दिसते. धोपटणे गेले, मशिन आले, तरी अडते जुन्याच दोन ठिकाणी: पाणी आणि वाळत घालायची जागा. दुसरी अडचण मोठी, पण तिचा विचार बहुधा शेवटी होतो.

दोरीचा हिशोब

धुण्याचे वेळापत्रक दोरीपासून मागे लावावे. एका माणसाच्या आठवड्याच्या दोन जीन्स, सहा शर्ट वा टीशर्ट, एक डबल चादर, दोन टॉवेल आणि आतले कपडे मिळून वजन साधारण साडेचार किलो भरते. मशिन एवढे सहज घेते. दोरीवर मात्र जीन्सला अर्धा मीटर, शर्टाला साठ सेंटिमीटर, दुहेरी घातलेल्या चादरीला सव्वा मीटर असे धरले, तर नऊ-दहा मीटर दोरी लागते. पुण्यातल्या फ्लॅटची ड्राय बाल्कनी (धुण्या-वाळवण्याची छोटी बाल्कनी) चार फूट बाय सहा फूट असली, तर लांबीच्या दिशेने चार दोऱ्या बांधून सातएक मीटर मिळतात. म्हणजे एका माणसाचे आठवड्याचे धुणेही एका वेळी मावत नाही. तिघांनी रविवारी सकाळीच मशिन लावायचे ठरवले, तर संध्याकाळी खुर्च्या आणि दारे कपड्यांनी झाकलेली असतात.

त्यावर सोपा उपाय म्हणजे वार वाटून घेणे आणि चादरी-टॉवेलांना वेगळा दिवस देणे. शर्ट हँगरला लावून तो दोरीवर अडकवला की साठऐवजी पंधरा सेंटिमीटरमध्ये भागते आणि इस्त्रीही कमी लागते. छताला पुलीने खालीवर होणारा स्टँड असेल, तर टॉवेल मधल्या दांड्यांवर घालू नयेत, तिथे हवा सर्वांत कमी फिरते. जाड कपडे कडेला, हलके मध्ये, आणि दोन कपड्यांत चार बोटे अंतर. जीन्स उलटी करून कमरेकडून टांगावी, म्हणजे खिसे आणि शिवणी आधी वाळतात.

वरच्या मजल्यावरचे न पिळलेले कपडे खालच्यांच्या वाळत आलेल्या कपड्यांवर ठिबकतात. पुणेरी पाट्यांना हा विषय कधी कमी पडला नाही. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात जवळपास त्याच्या वजनाइतके पाणी राहू शकते, तर मिनिटाला १००० फेऱ्यांच्या स्पिननंतर साधारण ६०%. त्यामुळे हाताने धुतलेले कपडेही नुसत्या स्पिनवर एकदा फिरवून घेणे सोयीचे.

पाणी

महापालिकेचे खडकवासल्याचे पाणी धुण्याला चांगले. उपनगरांतल्या ज्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथले पाणी बहुधा जड असते. नळाच्या तोंडाशी पांढरा थर जमतो आणि साबणाला फेस येत नाही, ही त्याची खूण. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतात. तो कापडात बसतो, पांढरे कपडे करडे पडतात आणि टॉवेल खरखरीत होतो. डिटर्जंट पावडरला हा त्रास कमी. बादलीत आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून मग पावडर टाकावी. सोडा सुती कपड्यांनाच वापरावा, रेशीम आणि लोकर त्याने खराब होतात.

देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचे, तर पुण्यात तो दिवस बहुतेक वेळा गुरुवार असतो. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने येते, काही वेळा गढूळही. त्या दिवशी पांढरे कपडे धुवायला काढू नयेत.

हाताने धुताना दहा-बारा लिटर पाण्याला पावडरचे सपाट दोन मोठे चमचे पुरतात. अर्धा तास भिजवणे पुरे, रात्रभर ठेवले तर सुटलेला मळ आणि रंग पुन्हा कापडावर बसतो. एकाच साबणपाण्यात आधी पांढरे, मग फिके, शेवटी गडद हा जुना क्रम आजही पाणी वाचवतो. खळबळायला तीन पाणी लागतात. शेवटचे पाणी फरशीला किंवा संडासात वापरता येते.

मशिन

मशिनवर लिहिलेला सात किलो हा आकडा कोरड्या सुती कपड्यांचा असतो. फ्रंट लोडचा ड्रम भरल्यावर वर वीतभर जागा राहिली पाहिजे. कोंबून भरले की कपडे आपटत नाहीत, नुसते भिजतात, आणि मग ‘मशिन नीट धूत नाही’ अशी तक्रार येते. ‘क्विक वॉश’ दोन-तीन किलोंपुरताच. पावडर जास्त टाकली की फेस राहतो, कापडाला वास धरतो आणि दाराभोवतीच्या रबरी गॅस्केटच्या घडीत काळी बुरशी येते. काम झाल्यावर ती घडी फडक्याने पुसून दार उघडे ठेवावे. जड पाण्याच्या घरी दर दोन महिन्यांनी १०० ग्रॅम लिंबूसत्त्व टाकून रिकामे मशिन गरम पाण्यावर चालवावे, क्षार सुटतात. लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर क्लोरीनच्या ब्लीचबरोबर कधीही एकत्र करू नये, विषारी वायू निघतो.

सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी आणि नळ यांत उंची कमी असल्याने दाब पुरत नाही आणि मशिन पाणी भरतानाच अडकते. तिथे प्रेशर पंप लावावा किंवा बादलीने पाणी ओतता येणारे सेमी ऑटोमॅटिक घ्यावे. पाणी तापवणाऱ्या मशिनला अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग लागतो. जुन्या खोल्यांत अर्थिंग आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्यावे.

पावसाळा

जून ते सप्टेंबरमधल्या कुबट वासाला मुख्यतः मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस हा जिवाणू कारणीभूत असतो. कापड जितका वेळ ओले, तितका तो वाढतो. अत्तरी कंडिशनरने वास झाकला जातो, जात नाही. टॉवेल ६० अंशांच्या पाण्यात धुवावेत, स्पिन दोनदा द्यावा आणि पंखा लावून खिडकी थोडी उघडी ठेवावी, कारण बंद खोलीत पंखा तीच दमट हवा फिरवत राहतो. आतले कपडे लाजेपोटी टॉवेलखाली वाळत घालतात, ते दमट राहतात आणि नायटा बळावतो. खोलीत एकाला नायटा झाला, तर त्याचा टॉवेल आणि चादर सर्वांपासून वेगळी धुवावी.

डाग

हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो आणि धुणारा घाबरतो. हळदीवर अल्कलीची ती क्रिया आहे, पारंपरिक कुंकू याच तत्त्वावर बनते. भरपूर पाण्याने साबण काढून कपडा उन्हात टाकला की डाग फिका होत जातो. मिरवणुकीतला गुलाल कोरडाच झटकावा, आधी पाणी लावले की तो आत शिरतो. रक्ताला थंड पाणी, तेलाला भांड्यांचा साबण. नव्या कपड्याचा रंग मिठाने ‘पक्का’ होतो हा समज चुकीचा. तो कपडा पहिले तीनचार वेळा वेगळा धुणे हाच उपाय.

वाटणी आणि खुणा

प्रत्येकाची बादली वेगळी असावी. मशिन थांबल्यावर अर्ध्या तासात कपडे काढावेत. कोणी काढले नाहीत, तर पुढच्याने ते मालकाच्याच बादलीत ठेवावेत, फरशीवर किंवा मशिनच्या झाकणावर नाही. रात्री दहानंतर स्पिन लावू नये, धक्के खालच्या घरात पोहोचतात. पूर्वी परीट बिब्ब्याच्या रसाने कपड्यांवर खुणा करत. बिब्बा अंगावर उततो, म्हणून घरी कॉलरच्या आत ठरलेल्या रंगाचे दोन टाके घालावेत. मोज्यांना टाके टिकत नाहीत, ते जाळीच्या पिशवीत धुवावेत. इस्त्रीवाल्याकडे चौघांचे कपडे एकत्र देताना नग मोजून प्रत्येकाच्या नावापुढे लिहावेत आणि परत आल्यावर त्याच्यासमोरच मोजावेत.