अध्यापक नसलेल्या विद्यापीठातील व्याख्याने

विद्यापीठाने नामवंत अभ्यासकाला पाचारण करावे आणि त्याने आपले संशोधन चार-सहा व्याख्यानांतून जाणकारांपुढे मांडावे, ही प्रथा आज अंगवळणी पडली आहे. मुंबई विद्यापीठात मात्र तिने एक मोठी उणीव भरून काढली. १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालेली ही संस्था अनेक दशके परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच काम करीत असे. शिकवण्याचे काम एल्फिन्स्टन, डेक्कन, विल्सन अशा महाविद्यालयांकडे होते आणि विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापक नव्हते. अशा स्थितीत देणगीतून चालणारी व्याख्यानमाला हा विद्यापीठाच्या नावाने नवे संशोधन मांडण्याचा मोजक्या मार्गांपैकी एक होता.

त्यांतील सर्वांत फलदायी ठरली ती भाषाशास्त्रावरील विल्सन व्याख्यानमाला. १८२९ साली मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हे प्राच्यविद्येचे व्यासंगी अभ्यासक आणि काही काळ विद्यापीठाचे कुलगुरू होते. १८७५ मध्ये ते निवर्तले आणि १८७७ साली त्यांच्या नावाच्या या मालेतील पहिली व्याख्याने रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी दिली. भांडारकर याच विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी एक होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. अवघ्या पंधरा वर्षांत परीक्षार्थी व्याख्याता झाला होता.

संस्कृतच्या विकासापासून पाली, प्राकृत, अपभ्रंश असा प्रवास करीत ही सात व्याख्याने उत्तर भारतातील देशी भाषांच्या ध्वनिव्यवस्थेपर्यंत आणि विभक्ती-क्रियारूपांपर्यंत पोहोचतात. ‘हस्त’पासून ‘हत्थ’ आणि ‘हत्थ’पासून ‘हात’, किंवा ‘कर्म’पासून ‘कम्म’ आणि ‘कम्म’पासून ‘काम’ : जोडाक्षरातील व्यंजने आधी एकरूप होतात, मग द्वित्व सुटून आधीचा स्वर दीर्घ होतो. आपण ज्यांना सहज ‘बोलण्यातले अपभ्रंश’ म्हणतो, त्यांच्यामागे असा नियम असतो, आणि त्या नियमांच्या आधारे मराठीचा इतिहास शास्त्रशुद्ध रीतीने मांडता येतो. व्याख्याने इंग्रजीत होती आणि सातही एकत्र ग्रंथरूपाने आली ती १९१४ साली. त्यांचा लाभ सामान्य मराठी वाचकाला इतक्या उशिरा आणि तोही परभाषेतून व्हावा, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

विद्यापीठांना स्वतः अध्यापन व संशोधन करण्याची मुभा १९०४ च्या कायद्याने स्पष्टपणे दिली. मुंबईत त्याचे ठोस फळ १९१९ मध्ये दिसले : अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा विभाग सुरू झाला आणि पॅट्रिक गेडिस समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी समाजशास्त्राची धुरा वाहिली आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधक विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. संशोधन आता पाहुण्या व्याख्यात्यापुरते न उरता विद्यापीठाच्या रोजच्या कामाचा भाग झाले. तरीही विल्सन व्याख्यानमाला मागे पडली नाही. १९४१ साली तिच्यात सुमित्र मंगेश कत्रे यांनी भारतीय आर्य भाषांच्या ऐतिहासिक भाषाविज्ञानातील प्रश्न मांडले, तेव्हा ते पुण्यात नुकत्याच संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उभ्या राहिलेल्या डेक्कन कॉलेजात हेच शास्त्र शिकवीत होते.