जुनी लिव्हर-ॲक्शन रायफल घेताय? आधी स्क्रू बघा

आमचं दुकान लहान आहे. जुन्या रायफलींची दुरुस्ती आणि थोडीफार खरेदी-विक्री, एवढाच व्याप. गेल्या काही वर्षांत डॅलसच्या आसपासचे मराठी ग्राहक हरणाच्या मोसमाआधी येऊ लागले. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: "गन शोमध्ये एक जुनी विंचेस्टर बघितली, घेऊ का?" दर वेळी तेच उत्तर तोंडी देण्यापेक्षा हे पत्रक छापलं. लिव्हर-ॲक्शन म्हणजे चापाभोवतीची दांडी (लिव्हर) खाली-वर करून पुढचं काडतूस चढवायची रायफल. रायफल आमच्याकडून घ्या किंवा दुसरीकडून, हे वाचून मगच पैसे काढा.

आधी कागद

एच-वन-बी किंवा दुसऱ्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असाल, तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूक विकत घेता येत नाही आणि जवळही बाळगता येत नाही. याला थोडेच अपवाद आहेत. त्यातला नेहमी उपयोगी पडणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. दुकानातून घेताना फेडरल सरकारचा फॉर्म 4473 भरावा लागतो, त्यात हे सगळं विचारतात. खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे, आणि इथे "चालतंय हो" चालत नाही. व्हिसाबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारून या, आम्ही थांबतो.

कोणती रायफल?

बाजारात फिरताना दोनच नावं पुन्हा पुन्हा दिसतील: विंचेस्टर 94 आणि मार्लिन 336. विंचेस्टर 94 ही जॉन ब्राउनिंगची रचना. तिची रिकामी काडतुसं वरून उडतात, म्हणून जुन्या 94 वर दुर्बीण बसवणं अवघड जातं. मार्लिन 336 आली 1948 मध्ये. तिचं वरचं अंग बंद असतं आणि काडतुसं बाजूने बाहेर पडतात, त्यामुळे दुर्बीण सरळ बसते. दोन्ही प्रामुख्याने .30-30 या मापाच्या काडतुसासाठी. झाडीतल्या हरणाला हे काडतूस आजही पुरेसं आहे.

विंचेस्टरवाले "प्री-64" म्हणतात ते उगाच नाही. 1964 मध्ये कंपनीने खर्च कमी करण्यासाठी आतले काही भाग पत्र्याचे केले आणि रिसीव्हरचा, म्हणजे आतलं यंत्र ज्यात बसतं त्या मधल्या अंगाचा, धातू बदलला. तशा रायफली चालतात, हरणंही मारतात. पण त्या काळातल्या रिसीव्हरवर नेहमीचं ब्लूइंग (लोखंडाला देतात तो काळा-निळा मुलामा) नीट धरत नाही. म्हणून खरवडलेली 1970 च्या दशकातली 94 "ब्लूइंग करून घेऊ" या हिशोबाने घेऊ नका.

मार्लिनच्या बाबतीत नळीवर (बॅरलवर) रिसीव्हरजवळ "जेएम" ही अक्षरं शोधा. ती असतील तर नळी जुन्या कनेक्टिकटच्या कारखान्यातली. रेमिंग्टनने कंपनी घेतल्यावर तो कारखाना बंद झाला आणि काम न्यूयॉर्क राज्यातल्या इलियनला गेलं. तिथल्या सुरुवातीच्या रायफलींत नेम धरायचे वाकडे साइट आणि लाकडाचे ढिले जोड आम्ही खूप पाहिले. 2020 मध्ये रूगरने मार्लिन घेतली. त्यांच्या रायफली नव्या आहेत, या पत्रकाचा विषय नाही.

हातात घेतल्यावर

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते बघा. विकणारा "रिकामी आहे" म्हणाला तरी बघा. मॅगझीन नळीत (बॅरलखालची, काडतुसं साठवायची नळी) काडतूस उरलं असेल तर लिव्हर चालवताच ते चेंबरमध्ये, म्हणजे झाडायच्या जागी, येतं. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून मॅगझीन नळी पूर्ण रिकामी होईपर्यंत लिव्हर पुन्हा पुन्हा पूर्ण उघड-बंद करा, मग चेंबरमध्ये नजर टाका आणि शक्य तिथे बोटही फिरवून खात्री करा.

आता स्क्रू. खाचा सरळ आणि कडा धारदार असतील, तर रायफल फारशी उघडलेली नाही किंवा जाणत्या माणसाने उघडली आहे. खाचा फाकलेल्या, माथे चेंबलेले असतील, तर कुणीतरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर घरचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलं होतं. मग आत स्प्रिंग कापली असेल, चाप हलका करायला कानस फिरवली असेल. आमच्या अनुभवात चकचकीत रायफल आणि फाटके स्क्रू ही जोडी सगळ्यात महाग पडते.

नंतर नळीचं तोंड. ही जागा बहुतेक ग्राहक बघतच नाहीत. विंचेस्टर 94 मध्ये साफसफाईचा गज मागून घालता येत नाही, त्यामुळे लोक वर्षानुवर्षं तो पुढून घालतात आणि तोंडाची कड एका बाजूने झिजते. कड झिजली की गोळी बाहेर पडताना वायू सगळ्या बाजूंनी एकसारखा सुटत नाही आणि नेम पसरतो. मार्लिनमध्ये लिव्हरचा एक स्क्रू काढला की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागून निघतो आणि नळी मागून साफ होते, म्हणून तिथे ही झीज कमी दिसते. कड थोडी खराब असेल तर आम्ही लेथवर ती नव्याने कापून देतो. यासाठी सौदा मोडायची गरज नाही, भाव मात्र करा.

नळीत मागून किंवा आरशाच्या तुकड्याने उजेड टाका. नळीच्या आतल्या पिळदार खाचा काळपट असणं वेगळं आणि खड्डे पडणं वेगळं. जुन्या प्राइमरच्या (काडतुसाच्या बुडाची, ठिणगी देणारी टोपी) क्षारामुळे काळवंडलेली नळी कित्येकदा छान नेम धरते.

लिव्हर बंद करून हलवा. किंचित हलली तर ठीक. पण बंद स्थितीत बोल्ट मागे-पुढे डुगडुगत असेल, तर हेडस्पेसचा (बोल्टचं तोंड आणि काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर) गेज लावल्याशिवाय ती रायफल झाडू नका. आमच्याकडे गेज आहेत, तपासायला पंधरा मिनिटं लागतात.

घोडा (हॅमर) अर्ध्या खाचेवर, म्हणजे अर्धवट मागे अडकतो तिथे, ठेवा आणि अंगठ्याने हलकं पुढे दाबा. खाली पडला तर रायफल परत द्या, तिथे घासाघीस नको. नंतरच्या काही विंचेस्टरमध्ये ही खाचच नसते, त्यांना ही परीक्षा लागू नाही. मग लिव्हर थोडी उघडी ठेवून चाप ओढा. घोडा सुटता कामा नये.

आता डमी (दारू नसलेली) काडतुसं भरा आणि लिव्हर वेगाने चालवा. हळू चालवून फसू नका, हळू सगळ्याच चालतात. जुन्या मार्लिनमध्ये लिव्हरची कड कॅरिअरला (काडतूस वर उचलणाऱ्या भागाला) घासून त्यात खोबण पडते. मग दुसरं काडतूस वेळेआधी मॅगझीनमधून बाहेर सरकतं आणि सगळं अडकून बसतं. लोक याला "मार्लिन जॅम" म्हणतात. कॅरिअर दुरुस्त होतो, पण विकणाऱ्याला माहीत असेल तर त्याने सांगायला हवं होतं.

लाकूड आणि रंग

दस्त्याच्या मानेवर, वरच्या लोखंडी पट्टीच्या मागे, बारीक चीर शोधा. खोगिराच्या म्यानातून फिरलेल्या रायफलीचा रिसीव्हर खालून, जिथे हात पकडतो तिथे, रुपेरी झालेला असतो. ही झीज आम्हाला आवडते, ती खोटी नसते. उलट कोरीव अक्षरं पुसट, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोल आणि ब्लूइंग मात्र काळंभोर दिसलं, तर कुणीतरी पॉलिश मारून नव्याने रंगवली आहे. संग्राहक तिला जुन्या मुलाम्याचा भाव देणार नाही, तुम्हीही देऊ नका. प्री-64 वर दुर्बिणीसाठी वाढीव भोकं पाडलेली असतील तरीही तेच.

नळीभोवतीच्या धातूच्या कड्यांखालचा गंज बाहेरून दिसत नाही. कडं सैल करायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर त्याचं कारण विचारा.

गोळ्यांबद्दल

मॅगझीन नळीत एका काडतुसाचं टोक पुढच्याच्या प्राइमरला टेकलेलं असतं. म्हणून कडक टोकदार गोळी यात कधीही भरू नका. बोथट किंवा गोल टोकाची, नाहीतर खास लिव्हर रायफलीसाठी बनवलेली मऊ टोकाची घ्या. आणि आजोबांच्या काळातली विंचेस्टर 1873 हाती लागली, तर तिच्यात आजचं जोरदार काडतूस घालू नका. ती काळ्या दारूच्या दाबासाठी बनली होती.

बाहेरून घेतलेली किंवा घ्यायची रायफल आमच्याकडे तपासायला आणायची असेल, तर मालकाच्या संमतीने, रिकामी करून आणि म्यानात घालून आणा. .30-30 ची डमी काडतुसं काउंटरवरच्या डब्यात आहेत. शोला जाताना चार घेऊन जा, परत आणून द्या.