अभिक्रियेचा वेग : संहती व तापमान यांचा परिणाम

रासायनिक अभिक्रियेत ठरावीक वेळात किती द्रव्य खर्ची पडते, यावरून तिचा वेग मोजतात. तो मुख्यतः द्रव्यांच्या संहतीवर, म्हणजे ठरावीक आकारमानात ती किती दाट आहेत यावर, आणि तापमानावर अवलंबून असतो. या दोन्हींचा अभ्यास प्रथम नीट झाला तो उसाच्या साखरेवर, म्हणून उदाहरणही तिचेच घेणे योग्य.

आम्लयुक्त पाण्यात साखरेचा रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन फुटतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज तयार होतात. साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या) प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळवते, तर हे नवे मिश्रण डावीकडे. त्यामुळे द्रावणाला हात न लावता, नुसता कोन मोजून किती साखर उरली ते कळते. जर्मन शास्त्रज्ञ लुडविग विल्हेल्मी यांनी १८५० मध्ये याच मार्गाने दाखवले, की कोणत्याही क्षणीचा वेग त्या क्षणी उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. अर्धी साखर फुटायला जितका वेळ लागतो, तितकाच उरलेल्यातली अर्धी फुटायला लागतो. पाणी भरपूर असल्याने त्याची संहती जवळजवळ बदलत नाही, म्हणून वेगातला बदल साखरेवरच ठरतो.

कारण सरळ आहे : रेणूंची दाटी वाढली की टकरी वाढतात. मात्र सर्वत्र हेच प्रमाण लागू पडत नाही. काही अभिक्रियांचा वेग संहतीच्या वर्गाच्या (संहती × संहती) प्रमाणात बदलतो, काहींचा बदलतच नाही. कुठे काय लागू पडेल, हे नुसते रासायनिक समीकरण पाहून सांगता येत नाही. प्रयोगच करावा लागतो.

तापमानाचा परिणाम अधिक विलक्षण आहे. २७ अंश सेल्सिअसवरून ३७ अंशांवर गेल्यास रेणूंचा सरासरी वेग जेमतेम दीड टक्क्याने वाढतो, पण अनेक अभिक्रिया दुप्पट वेगाने होऊ लागतात. साखरेची ही अभिक्रिया तर सुमारे चौपट. नुसत्या जादा टकरींनी हे घडणार नाही. स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये साखरेच्याच मोजमापांवरून उलगडा केला : अभिक्रिया होण्यासाठी रेणूंकडे किमान ऊर्जा, म्हणजे सक्रियण ऊर्जा, असावी लागते. थोड्याशा उष्णतेनेही ती मर्यादा ओलांडणाऱ्या मोजक्या रेणूंची संख्या झपाट्याने वाढते. ही मर्यादा जितकी उंच, तितका तापमानाचा परिणाम मोठा. म्हणून ‘दहा अंशांना दुप्पट’ हा केवळ ढोबळ अंदाज समजावा. नायट्रिक ऑक्साइड व ऑक्सिजन यांची अभिक्रिया तर तापवल्यावर मंदावते.

गुऱ्हाळात या दोन्ही गोष्टींशी रोजची गाठ पडते. उसाचा रस किंचित आंबट असतो आणि काहिलीत तो उकळायचा असतो. साखर फुटायला याहून अनुकूल काय? ती फार फुटली तर गूळ मऊ, चिकट राहतो, ढेप धरत नाही. म्हणून रसात चुन्याची निवळी घालून आम्ल कमी करतात. साखर कारखान्यात चुन्याखेरीज आणखी एक उपाय असतो : पाक कमी दाबाखाली, सुमारे ६० ते ७० अंशांवरच उकळवून आटवतात.