वर्चस्वप्रवृत्ती आणि लिंगभूमिका

वर्चस्व गाजवण्याची किंवा दुसऱ्याचे ऐकण्याची वृत्ती जन्मजात असते, पुरुषांत पहिली व स्त्रियांत दुसरी अधिक असते, म्हणून घरातील व कामावरील अधिकारांची पारंपरिक वाटणी योग्यच आहे, असा एक जुना युक्तिवाद आहे. त्यात तीन वेगळे दावे एकत्र आले आहेत : असा फरक आढळतो, तो उपजत आहे, आणि उपजत असल्यामुळे तो न्याय्य आहे. वादात बहुधा पहिल्या दाव्याचा पुरावा देऊन तिसरा सिद्ध झाल्याचे मानले जाते. प्रस्तुत नोंदीत या युक्तिवादाचा आढावा घेऊन सोलापूरच्या वस्त्र व विडी उद्योगांतील श्रमविभागणीशी तो ताडून पाहिला आहे.

इतिहास : पुरुष स्वभावतःच शासक व स्त्री शासित, ही मांडणी ॲरिस्टॉटलने (इ. स. पू. चौथे शतक) केली. भारतीय परंपरेत मनुस्मृतीचा दाखला देतात. या ग्रंथाचा काळ सामान्यतः इ. स. पू. २०० ते इ. स. २०० असा धरला जात असे. संस्कृत अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी सोन्याच्या नाण्यांच्या उल्लेखांसारख्या अंतर्गत पुराव्यांवरून तो इ. स. च्या दुसऱ्या शतकाकडे ओढला असून हे मत अधिक ग्राह्य वाटते. बाल्यात पिता, तारुण्यात पती व वार्धक्यात पुत्र रक्षण करतो, हा नवव्या अध्यायातील तिसरा श्लोक सर्वांना पाठ असतो. त्याच अध्यायातील १४ व १५ या श्लोकांकडे मात्र कमी लक्ष जाते. तेथे स्त्री स्वभावतः चंचल, कितीही राखली तरी न आवरणारी अशी वर्णिली आहे. म्हणजे ॲरिस्टॉटलची स्त्री स्वभावाने शासनाजोगी म्हणून पुरुषाच्या ताब्यात, आणि मनूची स्त्री स्वभावाने अनावर म्हणून पुरुषाच्या ताब्यात. गृहीतके परस्परविरुद्ध असून निष्कर्ष एकच निघतो, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये याच वर्मावर बोट ठेवले : स्त्रीस्वभावाचे म्हणून सांगितलेले दुर्गुण पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा प्रश्न होता. स्त्रीचा म्हणून दिसणारा स्वभाव हा बव्हंशी सक्तीच्या संगोपनाचा परिणाम असल्याचे जॉन स्ट्युअर्ट मिल यांनी १८६९ मध्ये मांडले होते.

सोलापूरच्या परिसरात उलट बाजूची परंपराही जुनी आहे. बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धराम (सिद्धेश्वर) यांच्या नावावरील एका कन्नड वचनात (वचन म्हणजे शिवभक्तांची छोटी गद्यकाव्यरचना) स्त्री ही केवळ स्त्री नव्हे, राक्षसीही नव्हे, ती प्रत्यक्ष कपिलसिद्ध मल्लिकार्जुन (सिद्धरामांचे आराध्य शिवरूप) होय, असे म्हटले आहे. त्याआधीचे मानले जाणारे विणकर वचनकार जेडर दासिमय्या यांच्या एका वचनाचा आशय असा की, स्तन व लांब केस दिसले की लोक स्त्री म्हणतात, दाढीमिशा दिसल्या की पुरुष म्हणतात, आतला आत्मा मात्र यांपैकी कोणीच नाही. दासिमय्यांचा काळ वादग्रस्त आहे. चालुक्य राजा दुसरा जयसिंह याची राणी सुग्गलदेवी त्यांची शिष्या होती, या परंपरेवरून त्यांना अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवतात. पण ही परंपरा उत्तरकालीन चरित्रकाव्यांतून आलेली आहे. देवांग या विणकर समाजात ज्यांना आद्यपुरुषासारखा मान आहे ते देवर दासिमय्या आणि हे वचनकार एकच की दोन, यावरही कन्नड अभ्यासकांत मतभेद आहेत. ‘रामनाथ’ ही मुद्रिका (वचनाच्या शेवटी येणारे दैवताचे नाव) असलेली वचने एकाच वचनकाराची मानण्यास हरकत नसावी; राणीच्या कथेवरून तिथी ठरवणे मात्र धोक्याचे आहे.

आधुनिक संशोधन : प्राण्यांतील वर्चस्वक्रमाचा पद्धतशीर अभ्यास नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे यांनी १९२० च्या दशकाच्या आरंभी मांडला, तो कोंबड्यांवर. नरसत्तेच्या समर्थनार्थ पुढे सतत वापरली गेलेली ही कल्पना माद्यांच्या निरीक्षणातून आली, हे सहसा सांगितले जात नाही. ठिपकेदार तरसांत माद्या वरचढ असतात, आणि कोण वरचढ ठरणार हे मुख्यतः कोणाच्या पाठीशी किती सगेसोबती आहेत यावर ठरते, असे २०१८ च्या सुमारास दाखवले गेले.

माणसांत ठामपणाची सरासरी पुरुषांत थोडी अधिक येते. मात्र दोन्ही गटांतील व्यक्तींचे गुण मोठ्या प्रमाणात एकमेकांवर पडतात, त्यामुळे सरासरीवरून एखाद्या व्यक्तीचा अंदाज बांधता येत नाही. २००१ मध्ये कोस्टा व सहकाऱ्यांनी २६ संस्कृतींची तुलना केली. त्यात स्वभावातील फरक युरोप-अमेरिकेत अधिक मोठे निघाले. फरक केवळ सामाजिक असेल तर समानता अधिक असलेल्या या समाजांत ते कमी निघायला हवे होते, असा आक्षेप सामाजिक स्पष्टीकरणावर घेतला जातो. तथापि प्रश्नावली भरणारा स्वतःची तुलना कोणाशी करतो हे समाजागणिक बदलते, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे. नीझी, लेनर्ड व लिस्ट यांच्या २००९ च्या प्रयोगात ईशान्य भारतातील मातृवंशीय खासी समाजात स्पर्धा पत्करणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक, तर पूर्व आफ्रिकेतील पितृसत्ताक मसाई समाजात पुरुषांचे अधिक आढळले. हाताच्या पकडीची ताकद हा फरक मात्र खरोखर मोठा आहे व तो नाकारण्यात अर्थ नाही.

सोलापुरातील श्रमविभागणी : १८७७ मध्ये सुरू झालेल्या, पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखल्या गेलेल्या गिरणीपासून येथे गिरणीकाम वाढले. गिरण्यांत स्त्रिया मुख्यतः वाइंडिंग व रीलिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत असत. हातमागावर पुरुष मागावर बसे आणि कांड्या (धोट्यात बसणाऱ्या आडव्या सुताच्या नळ्या) भरणे घरातील बायकामुलांकडे असे. कांडी सैल भरली तर धोट्यातून सूत गुंता होऊन सुटते, फार ताणून भरली तर तुटते. दोन्ही वेळा माग थांबतो. तरी हे काम ‘मदत’ समजले जाई व मजुरी विणकराच्या नावे निघे.

यंत्रमागावर जोर वीज लावते. कामगाराने तुटलेला धागा गाठायचा, रिकामी कांडी बदलायची आणि माग वेळेवर बंद करायचा, एवढेच असते. मागावर पुरुषच का, याचे ताकदीचे म्हणून दिले जाणारे कारण खरे असते तर येथे वाटणी बदलायला हवी होती. ती फारशी बदलली नाही. नाजूक कामे स्त्रियांकडे असण्यासाठी दिले जाणारे कोवळ्या, चपळ बोटांचे कारणही टिकत नाही. ताण्याचा (उभ्या सुताचा) एकेक धागा वहीच्या (धागे वरखाली करणाऱ्या चौकटीच्या) डोळ्यातून व फणीच्या घरातून ओढून घेण्याचे वहीफणीचे काम बोटांच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असते. एक धागा चुकीच्या घरात गेला तर कापडभर उभी रेघ पडते. हे काम प्रायः पुरुषांकडे आहे.

विडी वळणाऱ्या मात्र जवळजवळ सर्व स्त्रिया, त्यांतही तेलुगुभाषक पद्मशाली समाजातील पुष्कळ. तेंदूची पाने संध्याकाळी भिजवून ओल्या गोणपाटात रात्रभर ठेवतात, सकाळी पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापतात. एका विडीत ०.१५ ते ०.२५ ग्रॅम तंबाखू भरून, वळून, टोक दुमडून दोऱ्याने बांधतात. पान कोरडे राहिले तर वळताना चिरते, अति भिजले तर काळे पडून बुरशी धरते. सैल विडी विझते. घट्ट विडीतून धूर ओढला जात नाही. कारखान्यात तपासणीत नापास झालेल्या विड्यांची मजुरी मिळत नाही, आणि दिलेली पाने कमी पडली तर ती पदरच्या पैशाने घ्यावी लागतात. पास-नापास ठरवणारा बहुधा पुरुष असतो. या कामात चिकाटी, मोजमाप आणि दिवसाकाठी आठशे-हजार विड्यांचा हिशेब लागतो. त्याला आज्ञाधारकपणा म्हणणे हे कामाचे वर्णन नव्हे.

कायदा : १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ६६ नुसार स्त्रियांना सकाळी ६ ते सायंकाळी ७ या वेळेतच कारखान्यात कामास अनुमती होती. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याच्या कलम २५ मध्ये हीच वेळ होती. गिरण्यांतील स्त्रियांची संख्या घटण्यास रात्रपाळीबंदी किती व १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्यामुळे मालकांवर पडलेला खर्च किती कारणीभूत, यावर एकमत नाही. पुरुषी रोजगार वाचवण्याची कामगार संघटनांची भूमिका हे तिसरे कारण दुर्लक्षिता येत नाही. रात्रपाळीचे बंधन कारखान्याच्या आवारापुरते होते. घरी रात्री अकरापर्यंत विड्या वळण्यास स्त्रीच्या नाजूकपणाची अडचण कोणाला आली नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २००० मध्ये कलम ६६ मधील रात्रपाळीबंदी घटनाबाह्य ठरवली. अनुज गर्ग खटल्यात (२००७) सर्वोच्च न्यायालयाने संरक्षणाच्या नावाखाली रूढ समजुती लादणाऱ्या कायद्यांची कठोर छाननी आवश्यक मानली, तर २०२० मध्ये स्त्रियांच्या लष्करातील कायम नियुक्तीच्या खटल्यात शारीरिक दुर्बलतेचा सरकारी युक्तिवाद फेटाळला.

मालमत्तेच्या बाजूने पाहता, सोलापूरजवळील कुंभारी येथील गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेची १०,००० घरे २००६ मध्ये वाटप झाली. संस्थेच्या सभासद स्त्री विडी कामगार आहेत.