रेकमेंड झाला म्हणजे सिलेक्शन झालं का? एसएसबी आणि मेरिट लिस्टमधला घोळ

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असलेला एनसीसीचा कॅडेट भोपाळच्या एसएसबीहून (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड, सैन्यदलांतल्या अधिकारीपदासाठी उमेदवारांना पारखणारं मंडळ) घरी फोन करतो, "बाबा, रेकमेंड झालो!" आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या लेखी तो लेफ्टनंट झालेला असतो. चौकात फ्लेक्स लागतो, वर आमदार, खाली हा. पुढे मेरिट लिस्ट लागते तेव्हा कळतं की जागा संपल्या त्याच्या बऱ्याच खाली याचं नाव आहे. मग घरचे चिडतात, "निवड झाली होती ना? मग काढलं कुणी?" काढलं कुणीच नाही. निवड अजून झालीच नव्हती.

एसएसबीचं रेकमेंडेशन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं: हा मुलगा किंवा ही मुलगी अधिकारी व्हायच्या लायकीची आहे का? मेरिट लिस्टचा प्रश्न वेगळा: जे लायक ठरले, त्यांत याचा नंबर कितवा, आणि जागा तिथपर्यंत पुरतात का? पहिल्या प्रश्नाशी जागांचा काही संबंध नाही. बोर्ड एखाद्या बॅचमधून आठ जणांना रेकमेंड करेल, पुढच्या बॅचमधून एकालाही नाही. दुसरा प्रश्न मात्र सगळा जागांचाच आहे.

एसएसबी आतून कशी चालते ते पाहिलं की घोळ कुठे होतो ते कळतं. पाच दिवसांचा कार्यक्रम. पहिल्याच दिवशी स्क्रीनिंग होतं आणि बरेच जण त्याच दुपारी सामान उचलतात. उरलेल्यांना तीन वेगळे अधिकारी तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ फक्त लिहिलेलं वाचतो: चित्रांवरच्या गोष्टी, पंधरा-पंधरा सेकंदांत एक अशा ६० शब्दांवरची वाक्यं, अर्ध्या तासात ६० प्रसंगांवरच्या प्रतिक्रिया. जीटीओ, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणारा अधिकारी, मैदानावर पाहतो, फळ्या आणि दोरखंड घेऊन गट काय करतो ते. तिसरा मुलाखत घेतो. उमेदवारांच्या तोंडी यालाच 'मनसा, वाचा, कर्मणा' म्हणतात. तिघे आपापलं मत आपल्यापाशी ठेवतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. उमेदवार एकेकटा आत जातो. समोर सगळे अधिकारी, मध्ये एक खुर्ची, दोन-चार साधे प्रश्न. नंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून रेकमेंड झालेल्यांचे चेस्ट नंबर (उमेदवारांच्या छातीवरचे क्रमांक) वाचले जातात. ज्यांचा नंबर येतो ते मेडिकलसाठी थांबतात, बाकीचे स्टेशनची वाट धरतात.

आता यात काय सांगितलं जात नाही ते बघा. गुण. बोर्डाने प्रत्येकाला गुण दिलेले असतात, पण त्या खोलीत कुणालाच ते कळत नाहीत. काठावर पास झालेला आणि बोर्डात पहिला आलेला, दोघेही सारख्याच आनंदात फोन करतात. वाट पाहण्याचा त्रास इथूनच सुरू होतो. परीक्षा देऊन झालेली, गुण ठरलेले, त्यात आता काही फरक पडणार नाही, आणि तरीही आपण कुठे आहोत ते माहीत नाही. टेलिग्रामवर कट-ऑफचे अंदाज लावणारे अनेक असतात. माझ्या मते ते सगळे ग्रुप म्यूट करावेत, कारण त्या सत्राला किती जण रेकमेंड झाले आणि त्यांना किती गुण पडले हे अंदाज लावणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

मेरिट कशावर लागतं, हे एंट्रीनुसार, म्हणजे अधिकारी व्हायच्या मार्गानुसार, बदलतं. एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षाच नाही. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट आणि पदवीच्या टक्क्यांवर एसएसबीचा कॉल येतो, आणि पुढची यादी निव्वळ एसएसबीच्या गुणांवर लागते. सीडीएसचं, म्हणजे पदवीधरांसाठीच्या यूपीएससीच्या परीक्षेचं, तसं नाही. आयएमए (डेहराडूनची लष्करी अकादमी), नौदल आणि हवाई दल अकादमीसाठी लेखी ३०० आणि एसएसबी ३०० गुण, चेन्नईच्या ओटीए या लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी २०० आणि २००. बारावीनंतरच्या एनडीएला ९०० अधिक ९००. म्हणजे सीडीएस किंवा एनडीएमधून गेलेला मुलगा एसएसबीत काठावर असला तरी लेखीच्या जोरावर वर येऊ शकतो. एनसीसीवाल्याला तो आधार नाही. इंजिनीअर पदवीधरांच्या टीजीसीमध्ये तर शाखेनुसार वेगळ्या याद्या लागतात, सिव्हिलवाल्याची स्पर्धा सिव्हिलवाल्याशीच.

यूपीएससीच्या यादीबद्दल आणखी एक गैरसमज आहे. एनडीए किंवा सीडीएसचा अंतिम निकाल लागतो तेव्हा त्यात मेडिकलचा निकाल धरलेलाच नसतो, आणि निकालाच्या प्रसिद्धिपत्रकात तसं स्पष्ट छापलेलंही असतं. एनडीएच्या एका परीक्षेला जागा चारशेच्या आसपास असतात आणि अलीकडे यादीत नावं सहाशेच्याही पुढे जातात. तरीही दर निकालाला स्थानिक बातमी येते: "अमक्याची लेफ्टनंटपदी निवड." यादीतला प्रत्येक जण खडकवासल्याला जाणार नाही हे एक, आणि जो जाईल तो कॅडेट म्हणून जाईल हे दुसरं. खांद्यावर तारे लागतात ते प्रशिक्षण संपल्यावर.

यादी लागल्यावरही ती सरकते. वरचे काही मेडिकलमध्ये अनफिट ठरतात, काहींचं आयएमएमध्येही नाव असतं म्हणून ते ओटीए सोडतात. सीडीएसच्या ओटीए यादीत आधी आयएमए, नौदल किंवा हवाई दलासाठी नाव आलेलेही असतात, त्यामुळे तिथला क्रमांक दिसतो तितका वाईट नसतो. रेल्वेच्या वेटिंगसारखंच हे, चार्ट लागेपर्यंत काही खरं नाही. जॉइनिंग लेटर हातात पडलं तर चार्ट लागला म्हणायचं.

या वाट पाहण्यात आपल्या हातात असलेली गोष्ट म्हणजे मेडिकल. अनफिटचा शेरा आला की अनेक मुलं रडत घरी येतात आणि तिथेच थांबतात. तसं करू नये. अपील मेडिकल बोर्डासाठी ४२ दिवस मिळतात. कानातला मळ, वजन, टॉन्सिल, नाकाचं वाकडं हाड अशी कितीतरी कारणं त्या मुदतीत दूर करता येतात. खरं तर सैन्याच्या जाहिरातीतच एसएसबीला येण्याआधी हे तपासून घ्या असं लिहिलेलं असतं, पण जाहिरात शेवटपर्यंत वाचतो कोण! अपिलातही अनफिट ठरलं तर रिव्ह्यू बोर्ड आहे. तो पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात किंवा दिल्लीच्या आर अँड आर या लष्करी रुग्णालयात होतो.

आणि 'मेरिट आउट' झालेल्यांचं, म्हणजे रेकमेंड होऊनही जागा न पुरलेल्यांचं, काय? बोर्डाने त्यांना नाकारलेलं नसतं, त्यामुळे स्क्रीन आउट किंवा कॉन्फरन्स आउट झालेल्यांशी त्यांची तुलना करू नये. पण जुनं रेकमेंडेशन पुढच्या कोर्सला चालत नाही. पुन्हा अर्ज, पुन्हा पाच दिवस, पुन्हा नवं बोर्ड, आणि नवं बोर्ड रेकमेंड करेलच असंही नाही. म्हणून निकालाची वाट बघत असताना दुसऱ्या एंट्रीचा कॉल आला तर तो टाळू नये. तयारीसाठी नाशिकला राज्य सरकारचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एसएसबीचं प्रशिक्षण आणि राहणं-जेवण मोफत असतं, आणि 'सी' सर्टिफिकेटवाल्यांनाही प्रवेश मिळतो.

शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी एक सूचना, कारण एसएसबीच्या धांदलीत कॉलेज मागे पडतं. एनसीसी एंट्रीला पदवीत एकूण किमान ५० टक्के लागतात, आणि उत्तीर्ण झाल्याचा पुरावा जाहिरातीत दिलेल्या तारखेपर्यंत द्यावा लागतो. विद्यापीठाने निकाल लांबवला हे कारण तिथे चालत नाही. एखादा विषय राहिला असेल तर मेरिट लिस्ट रिफ्रेश करत बसण्याआधी तो काढा.