मणके जोडायचे की नवी गादी बसवायची?

गेल्या आठवड्यात घोडबंदर रोडला राहणारे एक काका एमआरआयची फिल्म घेऊन नौपाड्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये आले. डॉक्टरांनी मानेचं फ्यूजन, म्हणजे मणके जोडण्याचं ऑपरेशन, सांगितलं होतं आणि मेव्हण्याने व्हॉट्सॲपवर कळवलं होतं, ‘कृत्रिम डिस्क बसवा, मान मोकळी राहते.’ काकांचा प्रश्न एकच, “ताई, मणके जोडले की मान वळणारच नाही का?”

ही भीती मी नेहमी ऐकते. खरं तर दोन्ही ऑपरेशनांचा पहिला अर्धा भाग एकच असतो. गळ्याच्या पुढून, कातडीच्या घडीत छोटा छेद घेतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका अलगद बाजूला करून दोन मणक्यांमधली बिघडलेली गादी (डिस्क) काढतात आणि नसेवरचा किंवा मज्जारज्जूवरचा दाब मोकळा करतात. मानेतली नस दबल्याने हातात जाणारी कळ थांबते ती इथेच. पुढचे काही दिवस गिळताना दुखणं, आवाज बसणं हेही दोन्हीकडे होऊ शकतं.

फरक पडतो तो रिकाम्या झालेल्या जागेत काय ठेवायचं यात. फ्यूजनमध्ये तिथे केज, म्हणजे छोटा पोकळ ठोकळा, आणि हाडाचा चुरा भरतात, बहुधा वरून प्लेट आणि स्क्रू लावतात. काही महिन्यांत दोन मणक्यांचं एक हाड होतं. १९५८ पासून रुळलेली ही पद्धत आहे. डिस्क रिप्लेसमेंटमध्ये त्याच जागी हलणारा कृत्रिम सांधा बसतो.

आता मान वळण्याबद्दल. डावीउजवीकडे मान वळते त्यातली जवळपास निम्मी हालचाल सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होते, आणि तिथे गादीच नसते. बिघडते ती बहुतेक वेळा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यामधली. त्यामुळे एकाच जागी जोडलं तर रिक्षातून मागे वळून बघताना सहसा काही अडत नाही. तीन-चार जागी जोडलं, तर मात्र मान आखडल्यासारखी वाटते.

मग डिस्कचा फायदा काय? जोडलेल्या मणक्यांच्या वरखालच्या गाद्यांवर ताण वाढतो. डिस्क बसवलेल्यांना शेजारच्या गादीचं ऑपरेशन पुन्हा करावं लागण्याचं प्रमाण काही अभ्यासांत कमी दिसलंय. पण गाद्या वयानेही झिजतातच, हे विसरू नये. शिवाय मणक्यांचे मागचे सांधे झिजलेले असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा मणका सरकत असेल, तर डिस्क चालत नाही. कधी तिच्याभोवती हाड वाढून तीही जाम होते.

काकांच्या रिपोर्टमध्ये मागचे सांधे झिजल्याचं स्पष्ट लिहिलं होतं. मी त्यांना शर्टाचं वरचं बटण लावायला सांगितलं. बोटं काजाभोवती घुटमळत राहिली. मग सहज म्हणाले, “महिनाभर चप्पलही पायातून निसटते.”

मला काळजी वाटली ती इथे. नुसती नस दबून हात दुखत असेल, तर बरेच जण सहा ते बारा आठवड्यांत औषधं आणि व्यायामाने सुधारतात. बोटांचं कसब आणि चाल बिघडली, म्हणजे मज्जारज्जू दबल्याची शंका घ्यायची, आणि त्यात दिवस घालवणं परवडत नाही. त्यांच्यासाठी फ्यूजनचा सल्ला मला योग्यच वाटला. तंबाखू आजपासून बंद करा, हेही बजावलं, कारण तिने हाड जुळायला वेळ लागतो. आणि मुलाला तिथूनच फोन लावून सर्जनची वेळ घ्यायला लावली.